रुमालाखालची चार बोटं

अण्णांनी मला फसवलं, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. मी गौतमला फसवलं, हे कुणालाच ठाऊक नाही.

पहिली गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आलो. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही सांगितली. दुसरी आजवर तोंडातून काढली नाही. बायको गेली, तिलाही कळलं नाही. आज तुम्हाला सांगतोय ते का, मला विचारू नका. मलाही नीट ठाऊक नाही.

मी मेंढपाळाच्या घरात जन्मलो. शाळा दुसरीपर्यंत. बाप दुसऱ्याची मेंढरं राखायचा. मी शेळ्यांच्या व्यापारात पडलो आणि बापाची स्वतःची वीस मेंढरं नव्हती तिथं दावणीला साठ शेळ्या बांधल्या. हे कुणाच्या मेहेरबानीनं झालं नाही. नळदुर्गच्या बाजारात माझ्या नजरेला मान होता. शेळीच्या पाठीवर एकदा हात फिरवला की ती उन्हाळा काढेल का नाही, हे मी सांगायचो. आणि तोंड असं की समोरचा दलाल दोन पावलं मागं सरायचा. हे बढाईनं सांगत नाही — पुढं जे झालं ते याच नजरेच्या जोरावर झालं, म्हणून सांगतोय.

बाजारात भाव मोठ्यानं बोलत नाहीत, हे तुम्ही पाहिलं असेल. दोघांनी हात पुढं करायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबायची. किती बोटं, कुठलं पेर, त्यावरून सौदा. बघणाऱ्याला काही कळत नाही. साक्षीदार नाही, कागद नाही. म्हणूनच रुमालाखाली दिलेला शब्द कुणी मोडत नाही. मोडला तर बाजारात परत उभं राहायची सोय नाही. व्यापारात मी तो शब्द कधीही मोडला नाही. व्यापारात.

आता कबड्डीचं सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात सगळी गावं खडी फोडायला गेली होती. संध्याकाळी हजेरी झाली की तलावाच्या कोरड्या पात्रात पोरं कबड्डी खेळायची. दिवसभर घण मारलेली माणसं पुन्हा धावायची कशी, मला आजही नवल वाटतं. त्यातून बेंबळीच्या आसपासच्या सात गावांचे संघ उभे राहिले. पुढं सूतगिरणी झाली, तिनंही एक संघ काढला. चांगले गडी एकाच गावानं दाबून ठेवू नयेत म्हणून आम्ही एक रीत घातली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात सगळे जमायचे. प्रत्येक संघानं गेल्या सालचे फक्त चार गडी राखायचे. ज्याला राखायचं त्याच्या हातावर चारचौघांत सुपारी ठेवायची. पुढच्या साली हवा असेल तर सुपारी पुन्हा द्यायची, पण तीन सालांच्या वर नाही. बाकीचे सगळे मोकळे — त्यांना दुसऱ्या संघांनी चिठ्ठीच्या क्रमानं उचलायचं. एखादा गडी स्वतःहून जाणार असेल तर त्यानं दसऱ्याच्या आधी आपल्या कारभाऱ्याला सांगून सुटायचं.

आमच्या संघाचा कारभारी मी. कुणाला राखायचं, कुणाला सोडायचं, हे मी ठरवायचो. लोकांना वाटायचं, यात काय एवढं? अहो, चौघं राखणं सोपं असतं. पाचवा सोडणं अवघड. दुष्काळात शेळ्यांचं असंच असतं. चारा चौघींपुरता आणि दावणीला पाच. अडाणी माणूस जाडजूड शेळी ठेवतो आणि वैशाखात तिला उचलून टाकतो. शहाणा माणूस पाय बघतो, दात बघतो, पुढचं साल बघतो.

गौतम आमच्या गावच्या बौद्धवाड्यातला. तेवीस-चोवीस वर्षांचा, काटक, बोलायला कमी. त्याच्यासारखी चढाई मी नंतर पाहिली नाही. दम असा लांब की समोरचे सात जण त्याचा श्वास सुटायची वाट बघून दमायचे. जाता जाता मागं न बघता डाव्या पायाचा अंगठा टेकवून यायचा. समोरच्याला आपण बाद झालोय हे शिट्टी वाजल्यावर कळायचं. दोन सालं मी त्याला राखलं होतं. तिसऱ्यांदा सुपारी द्यायची, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पहिले तीन गडी बदलले असते, पण तो नाही.

त्या साली पाऊस पुन्हा रुसला. मृगात थोडा शिंतोडा, मग काही नाही. लोक परत खडीकडं बघायला लागले. आणि सूतगिरणीच्या संघाच्या साहेबांनी गौतमला निरोप धाडला — आमच्याकडं मोकळा होऊन ये, हजेरीपटावर कायमचं नाव लावतो. तुम्हाला आज ते काय वाटेल? त्या सालात कायमची हजेरी म्हणजे घरात बारा महिने चूल. त्याच्या घरात आई, बायको, कडेवरची लेक.

तो मला भेटायला बाजारात आला. मी सौद्यात होतो, खांद्यावर रुमाल. तो बाजूला उभा राहिला. मोकळा झालो तसा म्हणाला,

"तात्या, गिरणीवाले बोलावत्यात. तुमी राखणार आसाल तर म्या जात न्हाय. दोन सालं तुमी माझ्यावर इस्वास टाकला. पर राखणार नसाल तर आत्ताच सांगा. दसरा झाल्यावर ते लोक थांबणार न्हाईत."

मी काय करायला हवं होतं? 'जा लेकरा' म्हणायला हवं होतं. ते चार अक्षरांचं काम. पण मला त्या साली सामन्यांची ढाल जिंकायची होती. शिवाय — हेही सांगतो — माझ्याकडचं चांगलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला गेलेलं मला बघवत नाही. मी हसलो. त्याचा हात ओढला, वर रुमाल टाकला. आत त्याची तीन बोटं एकामागून एक दाबली. चौथं घट्ट धरलं.

"हे तुझं," म्हणालो. "गिरणीचं मी बघतो. ढाल आणू, मग साहेबाला मीच सांगतो, पुढल्या साली घेतील तुला."

गौतम हसला. "तात्या, मला शेळी समजलाव का?" म्हणाला. पण रुमालाखालचा शब्द काय असतो, ते त्यालाही ठाऊक होतं. त्यानं गिरणीला 'येत नाही' म्हणून कळवलं.

दसऱ्याला चार दिवस राहिले आणि अण्णांनी मला बोलावलं. अण्णा म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या सोसायट्यांचा माणूस. शेळी-मेंढी पालकांची सहकारी संस्था निघत होती, तिचा संचालक कोण हे तेच ठरवणार होते. खुर्चीवरून उठले, मला खुर्ची दिली. आजवर त्यांच्या ओट्यावर मी उभ्यानं बोललो होतो. माझा बाप तर ओट्याखाली. खुर्ची दिली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"बिरू," अण्णा म्हणाले, "शेळ्यांची संस्था आणि त्यात तू नाहीस, हे बरं दिसतं का? तुझं नाव मी घातलंच समज." मग चहा आला. मग म्हणाले, "आमचा दिलीप यंदा राखलेल्या गड्यांत पाहिजे बाबा. भाचा आहे. बहीण रोज डोकं खाते."

दिलीप वाईट खेळत नव्हता. पण राखण्याजोगा नव्हता. पहिल्या तिघांतला एक काढून दिलीपला घालता आलं असतं — पण त्या तिघांच्या मागं भावकी होती, घरं होती, ती भांडायला आली असती. गौतमच्या मागं कोण होतं? एक आई. हा हिशोब मी चहा संपायच्या आत केला. याहून जास्त वेळ मी म्हाताऱ्या बोकडाला लावतो.

तरी मला तीन दिवस होते. त्याला जाऊन सांगता आलं असतं — अजून दसरा झाला नाही, गिरणीत जा. त्याचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी गेलो नाही. का गेलो नाही? तोंड दाखवायची लाज होती म्हणू? नाही. मला भीती होती की तो गिरणीकडून उतरेल आणि आमचीच दांडी उडवेल. त्याला आमच्याकडं घ्यायचं नव्हतं, आणि दुसऱ्याकडंही जाऊ द्यायचं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान भरलं. मी तीन सुपाऱ्या दिल्या. चौथ्या सुपारीच्या वेळी गौतमनं हात पुढं केलाच होता. मी त्याच्या हाताला वळसा घालून ती दिलीपच्या हातावर ठेवली.

गलका झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए तात्या! झोपेत हायस का काय? गौत्याला सोडतूस?" मला काहीतरी बोलणं भाग होतं. आणि मी बोललो. माझ्या नजरेला मान होता ना.

"गुडघा गेलाय त्याचा," मी म्हणालो. "डावा. आत्ता दिसत न्हाय तुमाला. सहा महिन्यात दिसंल."

बाजारात दुसऱ्याच्या धडधाकट जनावराला खोड लावणारा माणूस आम्ही मारून हाकलतो. मी ती माणसाला लावली.

गौतम गोंधळला. मग मैदानाच्या मध्ये आला आणि बैठका मारायला लागला. वीस, तीस, चाळीस — घाम निथळायला लागला. आधी कुणी एक हसलं, मग सगळेच हसले. "मार मार, तात्याला खोटा पाड!" तो मारत राहिला. गिरणीच्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी 'घेऊ नका' अशी मान हलवली. नुसती मान. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा गिरणीनं दुसरा गडी उचलला. मग बाकीच्यांनीही त्याला उचललं नाही. मोडका गडी कोण घेणार?

शेवटी गौतम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. धापा टाकत होता. मोठ्यानं म्हणाला,

"तात्या, रुमाल कुठंय तुमचा?"

लोकांना वाटलं, घाम पुसायला मागतोय. कुणीतरी त्याच्याकडं टॉवेल फेकला. मी खांद्यावर हात नेला. रुमाल घरी ठेवून आलो होतो. मुद्दाम.

त्या दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. लेक आजीकडं. फाल्गुनात परत आला तो काठी टेकत. भरलेली गाडी उताराला सुटली होती, चाक डाव्या गुडघ्यावरून गेलं.

इथं थांबलो असतो तरी बरं होतं. पण नाही. गावात बातमी आली तेव्हा पारावर लोक म्हणाले, "तात्याची नजर बघा! सहा महिन्यात म्हणला हुता, सहा महिन्यात झालं." आणि मी — ऐका — मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "म्या तवाच सांगितलं हुतं." गाडीचं चाक गेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ते मला मानायला लागले. माझा धंदा त्या साली वाढला. लोक दुरून शेळी दाखवायला आणायचे. ज्या खोट्यानं त्याचं घर मोडलं, त्यावर माझं नाव झालं.

आणि अण्णा? संस्था निघाली. संचालकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी भर कचेरीत जाऊन टेबलावर काठी आपटली, शिव्या दिल्या, चौघांनी धरून बाहेर काढलं. "शब्द दिला होता, शब्द! जाब द्या!" असं ओरडत होतो. तेव्हापासून तेच ओरडतोय. ते ओरडताना मला खरंच वाटायचं की जगात माझ्याइतका फसवला गेलेला माणूस नाही. एकदा अशा ओरडण्याच्या मध्येच समोर गौतम उभा दिसला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली आणि लंगडत निघून गेला.

तो आहे अजून. दोन-चार शेळ्या पाळतो. बाजारात विकायला आणतो तेव्हा कुणाच्याही रुमालाखाली हात घालत नाही. दलालानं रुमाल पुढं केला की हात मागं घेतो आणि भाव मोठ्यानं बोलतो. दलाल हसतात, भाव पाडतात. तो तसाच परत नेतो किंवा तोट्यात देतो. त्याला व्यवहार कळत नाही, असं लोक म्हणतात. मी दोन रांगा सोडून उभा असतो. तेवढं अंतर मला कधी चालता आलेलं नाही.

अण्णा वारले. त्यांच्याकडं मागितलेला जाब आता राहू द्या. जाब माझ्याकडून घ्या. त्या दिवशी मैदानात जे होते, त्यातले काही जण अजून आहेत, त्यांनी ऐकावं. गिरणीच्या साहेबांचं कुणी असेल तर त्यांनीही.

गौतमचा गुडघा चांगला होता. मला ठाऊक होतं.