चढावरचा पूल
फोडणीशिवाय शिजणाऱ्या मेथीचा वास आला की मला सत्तरच्या दशकातली ती सकाळ आठवते. वडील अंगानं फार जड झाले होते. वसमतच्या डॉक्टरांनी हृदयाची भीती घातल्यापासून त्यांनी तूप-गूळ सोडला. भाकरी, पालेभाजी आणि रोज पहाटे कुरुंद्याच्या रस्त्यानं चालणं. सदरा ढगळ होत गेला तशी आईची झोप उडाली. शेजारीण विचारायची, "मालक वाळून राहिले, काही रोग तर न्हाई?" एके दिवशी ऊन चढलं तरी वडील परतले नाहीत. आई मला घेऊन अनवाणीच धावली. चढावरच्या पुलाच्या कठड्यावर ते छातीवर हात ठेवून बसले होते. "काय होऊन राहिलं?" आईनं विचारलं. "काही न्हाई गं. आज लांब गेलो, अन् येताना चढ न थांबता चढलो. धडधड कशी लवकर शांत झाली, तेच पाहून राहिलो." आईला खरं वाटेना. रस्त्यानं बैलगाड्या जात होत्या, तरी तिनं आपला तळवा त्यांच्या छातीवर टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. मी आता वडिलांच्या तेव्हाच्या वयापुढं आले आहे. पण चारचौघांत आईनं त्यांना हात लावलेला मी तेवढ्या एकदाच पाहिला.