एकोणतीस जुलैचा शिक्का

भागीरथी गायकवाड आमच्या बदलापूरच्या ग्रंथालयात झाडू मारायला आली, तेव्हा मी तिथे ग्रंथपाल होते. माझ्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी, तीही फ्रेम करून भिंतीवर लावलेली. ती सातवी शिकलेली. तरी आठ वर्षं मी तिच्यावर जळत होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्हीच म्हणाल, ही बाई काहीतरी लपवतेय.

ती अंबरनाथच्या बुवापाड्यातली. लहानपणी घरी उल्हासनगरच्या दुकानांसाठी कागदी पिशव्या चिकटवायचं काम चाले, त्यामुळे खळ तिच्या हाताला ठाऊक. वस्तीतल्या बुद्धविहारात पुस्तकांचं एक कपाट होतं, ते तिने लग्नाआधीच वाचून संपवलं होतं. आमच्याकडे आल्यावर महिनाभरात ती फाटकी पुस्तकं दुरुस्त करायला लागली. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. पदवीच्या वर्गात हे मलाही शिकवलं होतं. मी कधी केलं नव्हतं, एवढंच.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तिचं कौतुकही केलं असतं. पण वाचक माझ्या टेबलासमोरून सरळ पुढे जात आणि कपाटांमधल्या बोळात तिला गाठत. ‘‘भागीरथीताई, आज काय देताय?’’ कात्रपहून चालत येणाऱ्या बनूबाईंना काय आवडतं, कोण काय मागून रिकाम्या हाताने परत गेलं, सगळं तिला पाठ. आमचे अध्यक्ष आण्णा गावातले जुने जमीनवाले. पुस्तकखरेदीच्या वेळी ते माझी यादी चष्म्यावरून बघत आणि म्हणत, ‘‘बरी हाय. पन भागीरथीला इचारलंत का?’’

माझी यादी! रविवारच्या पुरवण्यांतली परीक्षणं कापून, वहीत चिकटवून, महिनाभर खपून केलेली. आणि तिची? जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेल्या सात ओळी. त्यात एक शिवणकामाचं, एक बाळंतपणानंतरच्या आजारांचं, दोन भुताखेतांची. तिने सांगितलेली पुस्तकं सहा महिन्यांत बांधणीला येत. माझी कोरीच्या कोरी राहत. ‘‘बघा, कशी जपली आहेत,’’ असं मी लोकांना दाखवत असे. आणि तिच्या हातातलं एकेक खिळखिळं झालेलं पुस्तक बघून माझ्या पोटात दुखत असे.

मग २००५चा पूर आला. उल्हास नदी आमच्या दारातून आत शिरली. मी तेव्हा पुण्याला बहिणीकडे अडकून पडले होते. परत आले तोवर सगळं आवरलेलं होतं आणि भागीरथीचं नाव गावभर झालं होतं. तिने म्हणे खालच्या फळ्यांवरची सगळी पुस्तकं एकटीने वाचवली. कोणीही ही हकीगत सुरू केली की मी काहीतरी निमित्त काढून उठायचे. शेवटपर्यंत मी ती एकदाही ऐकली नाही. तेच मला पुढे महागात पडलं.

पुढच्या मे महिन्यात जागा संपली. समितीने ठरवलं की तीन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं पुस्तक बाद करायचं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक घरी गेलं की तिच्यावर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का मारायचा. नियम मीच सुचवला होता, कारण मला वाटलं, तिने खळ लावून टिकवलेली जुनीपुराणी पुस्तकं यात जातील आणि माझी निदान एकदा तरी कोणी नेली असतील. आण्णा हसून म्हणाले, ‘‘ज्याची निवड रद्दीत जाईल, त्याने फुडच्या साली यादी करू नये.’’ आण्णा हसत बोललेलं खरं करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी माझी पुस्तकं काढून बघितली. एक्केचाळीस चिठ्ठ्या कोऱ्या! उद्या तिच्यासमोर त्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे जाणार आणि यादीही तिच्या हातात जाणार.

दुपारी बारा ते चार ग्रंथालय बंद असे. मी दार लावून घेतलं, तारखेचा शिक्का उचलला, आकडे फिरवले आणि मारत सुटले. सव्वीस जुलै, म्हणजे पुराचाच दिवस, टाळण्याइतकी अक्कल होती. बाकीच्या तारखा हाताला येतील तशा.

रविवारी आण्णा खुर्चीत बसले. भागीरथी एकेक पुस्तक उघडून शेवटची तारीख वाचायची, आण्णा मान हलवायचे. माझ्या एका पुस्तकाशी ती थांबली. चिठ्ठीवर बोट ठेवलं, मग पानांची कड निरखली. पानं जरा फुगलेली होती. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

‘‘किती तारीख गो?’’ आण्णांनी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. ‘‘आहे आण्णा. मागच्याच वर्षाची.’’ आणि पुस्तक ठेवायच्या ढिगात गेलं. त्यामागून माझी बाकीचीही गेली.

आण्णा चहाला गेल्यावर ती हळूच म्हणाली, ‘‘ताई, एकोणतीस जुलैला हे पुस्तक वरच्या मंगल कार्यालयात पंख्याखाली उघडं पडलेलं. पंधरा दिवस आपलं ग्रंथालय बंदच होतं. याची पानं मीच उलटत बसलेले.’’

‘‘मग आण्णांना का नाही सांगितलंस?’’

‘‘वाळवता वाळवता वाचून काढलं ना मी. भारी आहे. रद्दीत कशाला घालायचं? तुम्ही आणता चांगलं, पण कुणाला सांगतच नाही.’’

तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं.

मंगळवारी बनूबाई आल्या. बोळातून भागीरथीचा आवाज ऐकू आला, ‘‘हे घ्या. आमच्या ताईंनी निवडलंय. कसं आहे ते त्यांनाच विचारा.’’ आठ वर्षांत पहिल्यांदा एक वाचक पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन थांबला.

‘‘काय आहे हो यात, ताई?’’ बनूबाईंनी विचारलं.

मी त्या पुस्तकाचं परीक्षण वाचलं होतं. पुस्तक वाचलं नव्हतं. एक्केचाळिसातलं एकही वाचलं नव्हतं.

मी चिठ्ठीवर शिक्का मारला. या वेळी तारीख खरी होती. पुस्तक बनूबाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘‘भागीरथीला विचारा.’’