कनिना, ममाया आणि पुसलेला जिना

आमच्या मुलाने मनिलात नोकरी धरली आणि वर्षभरात तिथल्याच ऑफिसातली एक मुलगी पसंत केली. आमची हरकत नव्हती. मुलगी आजीपाशी वाढलेली. आई कॅनडात कामाला, आणि ती लेकीलाही तिकडे बोलवत होती. कागदपत्रं सुरू झाली होती. लग्नाचं लवकर ठरलं नाही तर मुलगी कॅनडाला जाणार आणि विषय संपणार, हे सरळ होतं.

पण ठरत नव्हतं. मुलीकडून कोणी शब्दच काढत नव्हतं. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून धुळीने माखून आले की आमचे हे हातपाय धुता धुता एकच बोलायचे, "स्थळ पोरीकडून येते. त्यायनं तोंड उघडाव ना आधी! आपण काहून घाई करून राहिलो?" मुलाला विचारलं तर आमच्या या हिंदी मुलखात वाढलेला तो फोनवर हिंदीत हात झटकायचा, "मम्मी, आप लोग देख लो ना."

मग मी माझ्या पद्धतीने बघायला घेतलं. आजीबाईंना टागालोगशिवाय काही येत नव्हतं. त्यांच्याशी बोलायची वेळ आली तर मध्ये दुभाष्या नको, म्हणून मुलीलाच म्हटलं, तुमची भाषा शिकव. रविवारी ती आजीच्या गावी असायची. दुपारी इकडे बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याला फोन टेकवून मोडक्यातोडक्या इंग्रजीत शिकवणी चालायची. ती मला 'तीता' म्हणायची, म्हणजे मावशी, आत्या, काकू, जे समजाल ते. आजीला 'लोला'.

नाती आणि भाज्या भराभर जमल्या. अडलं ते वेळेच्या शब्दांपाशी. काल म्हणजे कहापोन, उद्या म्हणजे बुकास, इथवर ठीक. पण आजच्या दिवसाचे त्यांनी दोन तुकडे केलेत. आज होऊन गेलेलं ते कनिना, आज व्हायचं राहिलेलं ते ममाया. मी दोन्हींची अदलाबदल करायची. ढेकर देऊन झाल्यावर सांगायची की मी ममाया जेवले. शेवटी कनिनाला मी 'मघाशी' चिकटवलं. पुरतं बसत नाही, कारण आपलं मघाशी तासा-दोन तासांत संपतं आणि त्यांचं कनिना सकाळचं रात्रीपर्यंत टिकतं. पण काम भागलं. बदल्यात मी तिला आपला 'परवा' शिकवला, मागचाही आणि पुढचाही. ती हसत सुटली.

"तीता, मग पाहुणे येऊन गेलेत की यायचेत, हे कळतं कसं?"

"बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं," मी म्हटलं.

सरावाला ती वाक्यं द्यायची. लोलांनी कनिना जिना पुसला. लोला ममाया दारात बसतील. कहापोन लोलांनी चांगल्या कपबशा काढल्या. बुकास लोला भात जास्त टाकतील. मी एकेक वाक्य घोकत होते आणि शब्द बरोबर जागी पडला की खूश होत होते. शिवाय ही बाई मला आवडायला लागली होती. रोज जिना पुसणारी माणसं कमीच.

एका रविवारी पुन्हा जिना आला, पुन्हा कपबशा आल्या. मला राहवलं नाही. "काय गं, तुमच्याकडे येणार तरी कोण आहे?"

मुलीने मागे वळून बघितलं, फोन जरा जवळ घेतला आणि म्हणाली, "तीता, तुम्ही."

मग तिने सांगितलं. त्यांच्याकडे मुलाच्या घरची वडीलधारी माणसं जेवण घेऊन मुलीच्या घरचा जिना चढतात आणि मुलगी मागतात. तोवर मुलीकडचे बोलत नाहीत. बोलले तर मुलगी गळ्यात मारल्यासारखं होतं. "आणि मी स्वतः कसं सांगू?"

आपल्या भाषेत मागणी घालणं आहे, पण आमच्या घरात कोणी घातलेली मी पाहिली नव्हती. संध्याकाळी यांना सांगितलं, "अहो, ते आपली वाट पाहून राहिले."

"आपण त्यायची पाहून राहिलो."

"मग बसा दोघं आमनेसामने. पोट्टी चालली कॅनडाले."

यांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "पासपोर्ट कुठं ठेवले बाई तू?"

त्या मुलीचे उपकार मी मानते. सांगायची तिला मुभा नव्हती आणि निघून जायचा रस्ता तयार होता. तरी तिने दर रविवारी माझ्या चुका सुधारत सुधारत सगळं माझ्यापुढे मांडून ठेवलं. मला उशिरा दिसलं, पण दिसलं. आणि लोलांचेही उपकार, की त्या कंटाळल्या नाहीत.

आम्ही गेलो. मी गूळ-कणकेची तळलेली खुरमी नेली होती, प्रवासात टिकते म्हणून. बाकीचं जेवण मुलाने तिथेच रांधून घेतलं. हे पाया पडायला वाकले तर लोलांनी दचकून पाय खुर्चीखाली घेतले आणि हात पुढे केला. मुलीने खुणेने दाखवलं, तसा यांनी तो कपाळाला लावला. जेवणं झाली. मी पाठ केलेली चार वाक्यं म्हणून मुलगी मागितली. लोलांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुरमीचा तुकडा चावत एकच अट घातली. मुलगी दर नाताळला घरी आली पाहिजे, पोरंबाळं झाली तरी.

मुलीने ते आम्हाला सांगितलं. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, क्रियापद आधी की माणूस आधी, तेवढ्यात हे मान हलवत मोठ्याने म्हणाले, "हव!"

हव म्हणजे हो, हे लोलांना कोणी सांगावं लागलं नाही. त्यांनी यांच्या पाठीवर एक थाप मारली आणि कॉफी ठेवायला उठल्या. मला तेवढ्यापुरता रागच आला. इतके महिने अभ्यास मी केला होता.