थोरल्याचं वाक्य

नाटक मंडळीत तिला सगळे कुजबुजताई म्हणत. अर्धं आयुष्य तिने विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग केलं होतं. नाटक बहुतेक वेळा एकच. जुनं, गाजलेलं, पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. त्यात सरळ माणूस औषधालाही नाही. आईच्या नावाने गहिवरणारा आणि तिला दारातूनच परत पाठवणारा थोरला. अनाथांना देणग्या देऊन सख्ख्या पुतण्याला उपाशी ठेवणारा धाकटा. भूकच मेली म्हणत कपाटाआड गपागप खाणारी आत्या.

कुजबुजताईची कामाची एक शिस्त होती. नट अडला की पहिले दोन-तीन शब्द द्यायचे, तेही अगदी कोरडे. प्रॉम्प्टरने भाव घातला की नट तोच सूर उचलतो आणि प्रसंग फसतो. त्यामुळे सगळ्यांचं ढोंग तिच्या जिभेवर होतं, पण त्यातल्या एकाही शब्दाला तिने आपला आवाज दिला नव्हता.

त्या रविवारी प्रयोग नव्हता. तिच्या आईच्या खोलीवर भाऊ-भावजय आणि ती, असे सगळे जमले होते. आई न्हाणीघरात घसरली होती, मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. तिला आता एकटं ठेवणं शक्य नव्हतं. ठेवायचं कोणाकडे, एवढाच प्रश्न होता. आई खुर्चीत बसून मटार सोलत होती. हळूहळू, एकाच हाताने.

"आई आली तर मला आनंदच आहे," भाऊ म्हणाला. "पण आमचा जिना बघितलास ना, ताई? तिचेच हाल."

"आणि वन्सं, आईंना लळा तुमचाच," भावजय म्हणाली. "आमच्याकडे आल्या तरी तुमचंच नाव घेत बसतील."

कुजबुजताईचं घर दोन खोल्यांचं होतं, पण अडचण ती नव्हती. आईशी तिचं पटत नव्हतं. चमचा कुठे ठेवायचा इथपासून आई टोकायची. तिला आई घरात नको होती. आणि हे तोंडाने बोलायचं कसं?

सगळे तिच्याकडे बघत राहिले. नट अडल्यावर पसरते तशी शांतता पसरली. सवयीने तिच्या तोंडून पुढचं वाक्य निघालं. या वेळी पूर्ण, शेवटपर्यंत, गहिवरून.

"आईला घरात जागा देणारी मी कोण? तिची जागा माझ्या काळजात आहे. तिथून तिला कुणी हलवू शकत नाही!"

भावाने मान खाली घातली. भावजयीने डोळे टिपले.

आई मात्र खो खो हसत सुटली. मांडीवरचे मटार जमिनीवर घरंगळले.

कुजबुजताईला क्षणभर कळेना. मग कळलं. प्रेक्षकही नेमके इथेच हसतात. आईने फुकट पासावर ते नाटक कितीतरी वेळा पाहिलं होतं. आईला दारातून परत पाठवताना थोरला म्हणतो, ते वाक्य होतं हे.

"काय झालं, आई?" भावाने विचारलं.

"तुला नाही कळायचं. तू एकदाच आलास, तेव्हाही घोरलास."

"आई, हसू नकोस," कुजबुजताई म्हणाली. तिचे कान तापले होते.

"मग काय रडू? तुमच्या त्या नटापेक्षा झकास म्हटलंस. आता तुझं बोल."

तिच्याकडे वाक्य नव्हतं. देणारंही कुणी नव्हतं.

"मला तू घरी नको आहेस," ती म्हणाली. "कायमची तर नकोच. तू सारखी टोकतेस. माझं डोकं फिरतं."

"अगं ताई!" भाऊ ओरडला.

"तू गप रे," आई म्हणाली. "जिन्याचं मला सांगू नकोस. पडायच्या आदल्या दिवशी तुझी भाजीची पिशवी घेऊन चढले होते." मग लेकीकडे वळली. "हं, पुढे?"

"थंडी सरेपर्यंत जमेल. पण स्वयंपाकघर माझं. आणि संध्याकाळी मी नसणार."

"चालेल. थंडी सरली की ह्याचा जिना."

भाऊ-भावजय एकमेकांकडे बघू लागले. पण आईच्या हाल-अपेष्टांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

कुजबुजताई वाकून मटार वेचायला लागली.

"ते राहू दे. आधी मला उठव," आईने चांगला हात पुढे केला. "सामान मी सांगेन तसं भर. तू भरलंस तर मला काही सापडायचं नाही."

"बघ, झालीस सुरू," कुजबुजताई म्हणाली, आणि तिने तो हात धरला.