एकादशीला अंगात यायचं

भुकूमच्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्या मावशींच्या हातात मी आमच्या अंधश्रद्धा निर्मूलन गटाचं पत्रक कोंबलं : ‘अंगात येणं हे ढोंग आहे!’ दातांनी सुतळी ओढून मेथीची जुडी बांधत त्यांनी ते वाचलं आणि परत दिलं.

“ढोंग न्हाई, बाळा. माज्या अंगात यायचं, दर एकादशीला, उपासाच्या दिशी. घाम, थरथर, बडबड. लोकं पाया पडायची. खडीसाखरेचा प्रसाद दिला की देव शांत. आईचंबी तसंच.”

“मग?”

“डॉक्टरनं उपाशीपोटी साखर तपासली. स्वादुपिंडावर बारकी गाठ व्हती, तीच इन्सुलिन सोडायची, उपाशीपोटी साखर पार खाली जायची. गाठ काढली, देवबी गेला.”

मी तडकले. “आईलाही तेच होत होतं, तरी कुणाला दवाखाना सुचला नाही?”

“देव वंशानं येतो म्हणायचे. आता कळलं, रोगबी वंशानं येतो. म्हणून लेकीला तपासलं. रक्तात त्यो वंशाचा दोष हाय, पण अजून गाठ न्हाई. दर वर्साला तपासतुया. तिच्या न्हाई कुणाला पाया पडू देणार.”

नव्या पत्रकातून मी ‘ढोंग’ काढलं. आता लिहिलंय : ‘उपाशीपोटी अंगात येत असेल, तर पाया पडण्याआधी साखर तपासा.’ मावशी ते मेथीच्या प्रत्येक जुडीबरोबर देतात.