दौंडला न पोहोचलेली कॅसेट

"मेला असता, पन कॅसेट सोडली न्हाई गड्यानं. जिगर लागती त्याला." शिरूरच्या त्या गल्लीत म्हाळू शेंडगे यांच्याविषयी वर्षानुवर्षे हेच बोलले जाई. समोर चहाची टपरी चालवणाऱ्या गिताबाई तर नव्या गिऱ्हाइकाला आधी म्हाळूंचा वाकडा हात दाखवायच्या आणि मग चहा द्यायच्या.

म्हाळू मूळचे केंदूरचे. बारावीनंतर लग्नांचे व्हिडिओ काढू लागले आणि शहाण्णव साली एका केबलवाल्याच्या खोलीत त्यांनी 'घोडकाठ वार्ता' सुरू केली. रोज संध्याकाळी सात वाजता अर्धा तास. बाजारभाव, यात्रेतल्या कुस्त्या, नळाला पाणी कधी येणार, वाढदिवस, निधन. चित्रीकरण तेच करीत आणि बातम्याही तेच वाचीत. शिरूरला दाखवलेली कॅसेट दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने दौंडला जाई आणि तिथल्या केबलवर लागे. प्रत काढायला दुसरे यंत्र नव्हते. दोन तालुक्यांत मिळून एकच कॅसेट फिरायची.

लोकांना सर्वांत जास्त ओढ असे ती दशक्रियेच्या चित्रीकरणाची. ते कापायचे नाही, असा रिवाजच पडला होता. कोण पाव्हणे आले, श्रद्धांजलीला कोण उभे राहिले, पुढच्या रांगेत कोण बसले, सगळे दिसलेच पाहिजे. एखाद्याचा मामा गाळला गेला, तर तो वर्षभर बोलत नसे.

२००८च्या उन्हाळ्यात कोंडिबा कोकरे मेंढरे पाण्यावर घेऊन गेले आणि नदीतल्या खड्ड्यात बुडाले. वाळूवाल्यांनी यंत्राने उपसलेला तो खड्डा तीन पुरुष खोल होता. त्यांच्या पत्नी सोजराबाईंनी तक्रार दिली. "आमची यंत्रे तिथे कधीच नव्हती," असे वाळूवाल्यांनी लिहून दिले. साक्ष द्यायला गावातून कोणी पुढे आले नाही.

दहावा त्या खड्ड्याजवळच्याच घाटावर झाला. म्हाळूंनी रिवाजाप्रमाणे सगळा विधी टिपला आणि सायंकाळी जसाच्या तसा दाखवला. प्रवचनकारांच्या खांद्यामागे वाळू उपसणारी यंत्राची बोट धडधडत होती. बोटीवर उभा असलेला वाळूवाल्यांचा संपत कोणालाही ओळखू येत होता.

कार्यक्रम संपताच सोजराबाई खोलीवर आल्या. "म्हाळू, ही कॅसेट मला दे. सायेबाम्होरं ठिवते. दुसरा पुरावाच न्हाई माज्याकडं."

"मावशी, उद्या दौंडला लागू द्या. तुमच्या लेकीच्या सासरचे म्होरं बसल्यात. दिसले न्हाईत तर पोरीला टोचून खातील. परवा तुमच्या हातात देतो, बास?"

सोजराबाईंना ते पटले. लेकीचा प्रश्न होता.

सकाळी म्हाळू कॅसेट घेऊन स्टँडकडे निघणार, तोच दारात जीप उभी राहिली. संपत आणि आणखी तिघे उतरले. हातात लाकडी दांडकी, एकाकडे ट्रॅक्टरचा पाना.

"ए बातमीदार, कॅसेट काढ."

"कुठली रं? तुज्या लग्नाची दिलीय की मागंच. हळदीत पडला व्हतास, तेवढं कापून दिलंय."

यानंतर काय झाले ते गिताबाईंनी पाहिले नाही, फक्त ऐकले. शटर खाली ओढले गेले होते. आतून लाकूड हाडावर बसल्याचा आवाज येत होता, मग काच फुटल्याचा, मग नुसते ओरडणे. त्या सांडशीने शटर बडवीत राहिल्या. शटर वर झाले तेव्हा संपतच्या सदऱ्यावर रक्त होते आणि ते त्याचे नव्हते. एकाने कॅसेटच्या फळीवर डिझेल ओतले, दुसऱ्याने काडी ओढली. गिताबाईंनी म्हाळूंना पायाला धरून रस्त्यावर ओढले. उजवे कोपर उलट्या बाजूला वळले होते. जबडा निखळून गळ्यावर आला होता. दातांसाठी नंतर कोणी शोधाशोध केली नाही.

त्या आगीवरून गल्लीने निकाल देऊन टाकला: म्हाळूंनी कॅसेट दिली नाही. "कॅसेट हाती लागली असती, तर जाळायची काय गरज व्हती?" गिताबाई विचारीत.

पुण्याच्या दवाखान्यात सोजराबाई म्हाळूंच्या उशाशी बसल्या. "तू दिली न्हाईस, बाळा. जळाली तर जळू दे." म्हाळूंचा जबडा तारेने बांधलेला होता. सहा आठवड्यांनी तार निघाली तोवर ही गोष्ट दोन्ही तालुक्यांत पसरली होती.

मारहाणीच्या खटल्यात गिताबाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि संपतला दोन वर्षांची शिक्षा झाली. कोंडिबांच्या मृत्यूची फाईल मात्र पुराव्याअभावी बंद झाली. म्हाळू वाकड्या हाताने पुन्हा बातम्या वाचू लागले. केबलच्या तारा कापल्या गेल्या, त्यांनी जोडल्या, त्या पुन्हा कापल्या गेल्या. पुढे सेट-टॉप बॉक्स आले आणि 'घोडकाठ वार्ता'ला जागाच उरली नाही. आज त्याच खोलीत ते पासपोर्ट फोटो काढून देतात. सोजराबाई हयात होत्या तोवर दर दिवाळीला म्हाळूंच्या घरी बाजरीचे पोते पाठवीत. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या दहाव्याला म्हाळू सर्वांत मागे उभे होते.

त्यानंतर काही दिवसांनी फोटो काढून घ्यायला गेल्यावर मी त्यांना विचारले, "एवढा मार बसत असतानाही तुम्ही कॅसेट दिली नाहीत. कसे सोसलेत?"

त्यांनी कॅमेऱ्यावरचे फडके काढले, नीट घडी घातली आणि म्हणाले, "सोसतोय कशाला? पहिल्याच फटक्याला काढून दिली मी कॅसेट. पुढचं त्यांनी हौसेनं मारलं."