त्रेचाळीस आकाशगंगा, दोन सह्या

रविवार, सकाळचे अकरा. अरेरा कॉलनीतला सरांचा हॉल. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. आमचा आकाशनिरीक्षणाचा गट त्यांच्याच घरी जमायचा. माणसं अकरा, मला धरून. माझ्या यादीत आकाशगंगा त्रेचाळीस.

सरांनी यादी चिमटीत धरली. खाली दोन सह्या होत्या.

"ही दुसरी कोणाची?"

"माझ्या बायकोची. कुंदाची. दोघांनी तपासल्यात."

"अस्सं! म्हणजे भाजी निवडता निवडता वहिनींनी आकाशगंगा पण निवडल्या!"

हॉल हसला. खिडकीपाशी बसणारा तरुण इंजिनिअर म्हणाला, "अंकल, अब ऊपर भी कोटा लगेगा क्या?" पुन्हा हसले. पहिल्यापेक्षा जास्त.

मीही हसलो. हे लिहून ठेवतोय, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सरांनी यादी आणि माझी वही ठेवून घेतली. कुंदाची वही परत केली. "ही नको."

मग चहा आला. दहा कपबशा, एक कागदी पेला. पेला माझा. पहिल्या रविवारी वाटलं, कप कमी पडले असतील. मी मोजत गेलो. चौदा रविवार कमी पडले. एका रविवारी सातच माणसं होती. तरी कमी पडले.

मी इंद्रपुरीत राहतो. वडील विदर्भातून इथल्या कारखान्यात हेल्पर म्हणून आले. मी त्याच कारखान्यात सव्वीस वर्षं वेल्डिंगच्या सांध्यांच्या एक्स-रे फिल्म वाचतोय. फिल्मवरचा काळा डाग म्हणजे सांध्यातली पोकळी असते, नाहीतर फिल्म धुताना पडलेला डाग. तो फरक ओळखायचा, एवढंच काम. नियम असा की प्रत्येक फिल्म दोघांनी वाचायची, वेगवेगळी. एकानं दुसऱ्याचं पान बघायचं नाही. एका सहीवर फिल्म पास होत नाही, सांगणारा कितीही मोठा साहेब असो.

गटात आम्हाला रेडिओ दुर्बिणींचे नकाशे वाचायला शिकवलं. हे नकाशे सगळ्यांना खुले असतात. आकाशगंगेच्या साध्या फोटोवर रेडिओ लहरींचा नकाशा ठेवायचा. फोटोत नुसता धुरकट ठिपका असतो. पण कधी कधी त्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना रेडिओचे दोन मोठे फुगे दिसतात. म्हणजे तिचं केंद्र जागं आहे. आतलं कृष्णविवर पदार्थ गिळतंय आणि दोन्हीकडे झोत फेकतंय. साध्या फोटोत यातलं काहीच नसतं. पहिल्यांदा असा नकाशा पाहिला तेव्हा ताटातली भाकरी तशीच राहिली होती.

घरी कारखान्याचाच नियम लावला. दुपारी कुंदा बघायची, ड्यूटीवरून आल्यावर मी. वह्या वेगळ्या. सव्वातीन महिन्यांत सहाशे बारा आकाशगंगा पाहिल्या. मी खुणा केल्या एकाहत्तर, तिनं अठ्ठावन्न. दोन्ही वह्यांत जुळल्या त्याच यादीत घेतल्या.

त्या रविवारी घरी आलो. कुंदानं दारातच विचारलं, "काय म्हणाले सर?"

"छान म्हणाले."

तिनं शिरा केला होता. मी खाल्ला.

पुढच्या रविवारी सरांनी यादी टाइप करून आणली. ती दुर्बिणीच्या संशोधकांकडे जायची होती. वर तीन नावं: सर, तो इंजिनिअर आणि गटातला आणखी एक. यादीतली एकही आकाशगंगा तिघांपैकी कोणी शोधलेली नव्हती. खाली बारीक अक्षरांत 'सहकार्य', तिथे मी. कुंदा कुठेच नाही. आणि आकाशगंगा चव्वेचाळीस झालेल्या.

वाढलेली कोणती ते लगेच कळलं. माझ्या खुणांत ती होती, कुंदाच्या खुणांत नव्हती. दोन्ही बाजूंना लांब, सरळ झोत. दिसायला सगळ्यांत देखणी. सरांनी तिला पहिल्या ओळीत बसवलं होतं. कुंदानं मात्र तिच्या वहीत लिहिलं होतं: 'शेजारी फार तेजस्वी स्रोत आहे. त्याच्याभोवती सायकलच्या चाकासारखे आरे उमटलेत. हा त्यातलाच एक आरा. झोत नाही.' तिचं बरोबर होतं. फिल्म धुताना पडतो तसला डाग होता तो, आणि सव्वीस वर्षं डाग ओळखणारा मी फसलो होतो.

"सर, ही काढा. खरी नाही. कुंदानं नाकारलीय."

"अहो फिल्मवाले, एवढी सुंदर जोडी! वहिनींना काय कळतंय त्यातलं? सही करा इथे. तुमची एकट्याची पुरे."

इंजिनिअरनं पेन पुढे केलं. "कर दो अंकल. नाम तो आ रहा है न आपका."

शाळेत मास्तर सगळ्यांना सूक्ष्मदर्शकातून बघू द्यायचे. माझी पाळी आली की म्हणायचे, "तू लांबूनच बघ." सूक्ष्मदर्शकातून लांबून काहीच दिसत नाही. तरी मी मान हलवायचो. दिसलं म्हणून.

या वेळी मान हलली नाही.

"एका सहीवर आमच्याकडे पास होत नाही," मी म्हणालो. "आणि दुसऱ्यानं नाकारलेली तर मुळीच नाही."

आमच्या दोन सह्यांची मूळ यादी उचलली. वही उचलली. चहाचा पेला भरलेलाच ठेवला.

"बुरा मान गए," मागून कोणीतरी म्हणालं.

"हाँ. मान गया."

घरी कुंदाला सगळं सांगितलं. भाजीचा विनोद, कोटा, पेला. मी हसलो, तेही.

तिनं तिची वही काढून ते पान उघडलं. मग म्हणाली, "शिरा खाताना सांगायचं होतं."

"हो."

"आरा माझा बरोबर होता ना?"

"होता."

"मग ते लिहा. नुसती वगळू नका. कोणी नाकारली ते लिहा."

संशोधकांच्या पत्त्यावर यादी आम्हीच पाठवली. उत्तर अजून नाही. येईल, न येईल. यादीत आकाशगंगा त्रेचाळीस. खाली वेगळी ओळ: तपासून नाकारलेली एक, चूक माझी, पकडली कुंदानं. दोघांची पूर्ण नावं, आडनावासकट. आधी तिचं.

आज सहाशे तेरावी उघडली आहे. त्या हॉलची पायरी मी पुन्हा चढणार नाही. आणि आमच्या दारातून एका सहीचा कागद बाहेर पडणार नाही.